मागचे शॉक बदलायचेत : दोघं, सामान आणि करूळ घाट

रंकाळा_रायडर
६५० सीसी ट्विन, मागे दोन शॉक, ३८,००० किमी झालेत. गगनबावड्यावरून करूळ घाटानं कोकणात नेहमी जाणं असतं. मी ८२ किलो, बायको ६०, बॅगा १८. प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) शेवटच्या खाचेवर आहे, तरी खड्ड्यात शॉक तळाला आपटतो. स्पीडब्रेकरनंतर मागची बाजू दोन-तीनदा उसळते. २० मिमी उंच शॉक मिळतायत. ते घ्यावेत की टाकीवाले (शॉकलाच जोडलेली तेल-गॅसची छोटी टाकी असलेले)?

घाटमाथा
दादा, दुखणी दोन आहेत. आपटणं हे बहुधा स्प्रिंगचं, उसळणं डँपिंगचं (तेलानं उसळी आवरण्याचं). रॉडला तेलाचा ओशटपणा असेल तर सील गेलंय. पण खरेदीआधी सॅग, म्हणजे वजनानं मागची बाजू किती खाली बसते, ते मोजा.

डबल स्टँडवर मागचं चाक अधांतरी ठेवा. अ‍ॅक्सलपासून सरळ वर फ्रेमवर टेपची खूण करून अंतर घ्या. मग गाडी चाकांवर रिकामी, आणि शेवटी दोघं बसून बॅगांसकट. प्रत्येक वेळी मागची बाजू एकदा उचलून आणि एकदा दाबून सोडा, दोन्ही मापांची सरासरी धरा. घर्षणामुळं ४-५ मिमीचा फरक सहज पडतो. टायरची हवा आधी बरोबर करून घ्या.

रंकाळा_रायडर
अधांतरी ५६० मिमी, रिकामी ५५३, पूर्ण लोडला ५२२. मॅन्युअलमध्ये मागचा ट्रॅव्हल (चाक वर-खाली एकूण किती जातं ते) ८८ मिमी आहे. रॉडला तेल दिसतंय.

घाटमाथा
म्हणजे लोडला ३८ मिमी बसते, ८८ च्या ४३ टक्के. ३० ते ३५ टक्के हवं. प्रीलोड शेवटाला असूनही इतकी बसते म्हणजे स्प्रिंग या वजनाला मऊ आहे. प्रीलोडनं स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. हा गैरसमज फार पसरलाय, आणि त्यापायी लोक नुसत्या खाचा फिरवत बसतात.

वजनामुळं तुमची गाडी ३१ मिमी खाली जाते. स्प्रिंग २० टक्के कडक घेतली तर साधारण २६ जाईल. रिकाम्या गाडीची सॅग ६ ठेवली की एकूण ३२. म्हणजे ३६ टक्के, ३५ च्या अगदी जवळ; तेवढं दोघांसाठी ठीक. एकटे असाल तेव्हा प्रीलोड कमी करा. ऑर्डर देताना फक्त गाडीचं मॉडेल सांगू नका, ही तिन्ही वजनं सांगा आणि स्प्रिंग रेट (स्प्रिंग किती कडक, तो आकडा) लिहून मागा.

२० मिमी उंच मात्र नको. मागचं वर गेलं की पुढच्या फोर्कचा कोन उभा होतो. वळायला हलकी वाटेल, पण बंगलोर हायवेवर वेगात सरळ धरणार नाही. साईड स्टँडवर गाडी जास्त कलते, डबल स्टँडवर चाक जमिनीला टेकू शकतं, चेन स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याच्या) रबराला घासते. शॉकच्या दोन्ही टोकांच्या डोळ्यांच्या (बोल्टच्या भोकांच्या) मध्यापासून मध्यापर्यंतचं माप मूळ शॉकइतकंच ठेवा, फार तर ५ मिमी फरक.

उद्यमनगर_लेथ
टाकीबद्दल : टाकीत गॅस आणि तेल पिस्टननं किंवा ब्लॅडरनं वेगळं ठेवलेलं असतं, म्हणून घाटात तेल तापलं तरी फेस होत नाही. स्वस्तातल्या काही शॉकांची टाकी निव्वळ शोभेची असते. आतून जोडलेली आहे का, हे विचारूनच घ्या. बॅगेच्या स्टेला (बॅग धरणाऱ्या लोखंडी चौकटीला) टाकी घासत नाही ना, हे दोघं बसल्यावर बघा. बोटभर जागा हवीच.

शॉकच्या डोळ्यातल्या बुशचं (बोल्ट जातो त्या नळीचं) आतलं माप व्हर्नियरनं घ्या. सैल बुश ठोकून बसवू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर स्लीव्ह (आत बसणारी पातळ नळी) नेमकी काढून मिळते. पण गॅसचा शॉक तिथं उघडायला देऊ नका, आत दाबाखालचा नायट्रोजन असतो.

बसवताना एका वेळी एकच बाजू सोडा, म्हणजे दुसरा शॉक स्विंगआर्म धरून ठेवतो. वॉशरांचा क्रम फोटो काढून ठेवा. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच. शेवटी चेनचा ढिलेपणा जिथं सगळ्यात ताण येतो तिथं तपासा.

रंकाळा_रायडर
रिबाउंडचा (दबलेला शॉक किती वेगानं परत वर येतो त्याचा) नॉब असलेले घेतले तर कुठून सुरुवात करू?

घाटमाथा
नॉब पूर्ण आवळा, मग कंपनीनं दिलेल्या क्लिकइतका उघडा. सीट जोरात दाबून सोडा : एकदा वर येऊन तिथंच थांबली पाहिजे. पुन्हा उसळली तर दोन क्लिक आवळा. खड्ड्यांच्या रांगेत मागची बाजू खाली खाली बसत कडक होत गेली, तर जास्त आवळलंय, दोन क्लिक सोडा. दरवेळी एकच गोष्ट बदला आणि तोच रस्ता परत चालवून बघा. पहिल्या १०० किमीनंतर चारही नट पुन्हा तपासा.