मदत हवी आहे: ग्रे पोपटाचं पिल्लू सिरिंज सोडत नाही

आफ्रिकन ग्रेचं पिल्लू आहे, वय 13 आठवडे. परिवेशवर (परदेशी प्राणी-पक्षी पाळण्यासाठीचं सरकारी पोर्टल) नोंदणी झालीय, त्यामुळे तो प्रश्न नाही. सकाळ-रात्र दोन वेळा सिरिंजने हँडफीड फॉर्म्युला (पिल्लांना भरवायची पातळ पेज) देतो, थर्मामीटरने 40 अंश बघूनच. गळ्याखालची पिशवी सकाळपर्यंत पूर्ण रिकामी होते, शीटही नीट.

वजन 448 ग्रॅमपर्यंत गेलं होतं, आता आठ दिवसांत 421. रोज उपाशीपोटी, त्याच काट्यावर.

भिजवलेले पेलेट (पक्ष्यांचं तयार दाणेदार खाद्य), उकडलेला मका, किसलेलं गाजर, शेवग्याचा पाला सगळं ठेवून झालं. मक्याचा दाणा पायात धरतो, साल सोलतो आणि आतलं टाकून देतो! पाहुण्यांनी सूर्यफुलाच्या बिया दिल्या, त्या मात्र फस्त. कॅल्शियमच्या काळजीने बिया लगेच बंद केल्या. सिरिंज दिसली की मान हलवत किंचाळतो, म्हणून सिरिंजची सवय जबरदस्तीने तोडायचं मन होत नाही.

आम्ही साताऱ्यात. पक्ष्यांचे डॉक्टर पुण्यात, रविवारच्या आधी जाणं जमणार नाही. ज्यांच्याकडे मोठे झालेले ग्रे आहेत त्यांनी सांगा: आधी सकाळचं फीड कमी करायचं की रात्रीचं? आणि वजन किती उतरलं तर रविवारची वाट न बघता निघायचं?