मदत हवी आहे : पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडू पाहणाऱ्या मुलांशी काय बोलावं?

नमस्कार मंडळी. बी.ए., बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी, विशेषतः एसटीने ये-जा करणाऱ्यांसाठी, मार्गदर्शनाचं टिपण तयार करतोय. दोन ठिकाणी अडलंय.

पहिलं हजेरीचं. एका थिअरी क्रेडिटला (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप) १५ तास, म्हणजे ४ क्रेडिटच्या विषयाला ६०. ७५ टक्के म्हणजे ४५ तास हवेत, फक्त १५ बुडले तर चालतात. आठवड्यात चार तास आणि चारही पहिल्याच तासाला असले, तर त्यातले दर आठवड्याला दोन दिवस गाडी उशिरा आली की १५ आठवड्यांत ३० तास गेले. हजेरी सरळ ५० टक्क्यांवर! बाकीच्या विषयांना मात्र धक्काही नाही. मूल आळशी नसतं, वेळापत्रक आडवं येतं. तुमच्याकडे पहिला तास विषयांत आळीपाळीने फिरवतात का? प्रॅक्टिकलच्या बॅच कशा बसवता?

दुसरं, "एक वर्ष करून सर्टिफिकेट घेतो" म्हणणारी मुलं. नव्या शैक्षणिक धोरणात ती सोय आहे खरी, पण पहिल्या वर्षाच्या क्रेडिटशिवाय उन्हाळी सुट्टीत ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्सही पूर्ण करावा लागतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यानुसार तीन वर्षांच्या आत परत येता येतं, पदवी जास्तीत जास्त सात वर्षांत पुरी करायची. हे बहुतेकांना ठाऊकच नसतं, आणि नुसतं नाव काढून घेतलं की हाती काहीच उरत नाही. असा उन्हाळी कोर्स तालुक्याच्या ठिकाणी कोणी प्रत्यक्ष चालवलाय का? विषय, फी आणि किमान किती मुलं लागली, ते कृपया लिहा.