होल-सेलमध्ये (पिपेट चेतापेशीला चिकटवून, पटल फोडून करंट मोजताना) गाबाचा (मेंदूतला शामक संदेशवाहक) करंट इनवर्ड येतोय, केसीसी२ (क्लोराइड बाहेर काढणारं प्रथिन) बंद पडलाय का?

स्लाइसवाला: प्रौढ उंदराच्या हिप्पोकॅम्पसचे स्लाइस, सीए१ (हिप्पोकॅम्पसचा एक भाग) पेशी. पिपेटमध्ये १४० मिलिमोलर सीझियम क्लोराइड, बाथमध्ये क्लोराइड साधारण १३०. −७० मिलिव्होल्टला गाबाचा पफ (छोटा फवारा) दिला की दणदणीत इनवर्ड करंट, रिव्हर्सल (ज्या व्होल्टेजला करंटची दिशा उलटते ते) शून्याजवळ. प्रौढ पेशीत क्लोराइड कमी असतं ना?

नर्न्स्ट: असतं, पण तुम्ही मोजताय ते पिपेटमधलं. पॅच (पिपेटच्या टोकाखालचं पटल) फुटल्यावर काही मिनिटांत सोमात (पेशीच्या मुख्य भागात) पिपेटचंच द्रावण भरतं. आत १४०, बाहेर १३०, मग रिव्हर्सल शून्याजवळच येणार. आत ७ असतं तर ३७ अंशांना −७८ आलं असतं. गाबा-ए चॅनेल (गाबा लागला की उघडणारा) नुसता दार उघडतो. साठा किती ठेवायचा हे केसीसी२ (एका पोटॅशियमबरोबर एक क्लोराइड बाहेर) आणि एनकेसीसी१ (एक सोडियम, एक पोटॅशियम, दोन क्लोराइड आत) ठरवतात.

स्लाइसवाला: मग ग्लुकोनेट (क्लोराइडच्या जागी दुसरा ऋणायन) घालून पिपेटमध्ये ७ ठेवू?

पॅचकरी: मग उत्तरही तुम्हीच घातलेलं ७ येईल. पॅच न फोडता ग्रॅमिसिडिन (पटलात बारीक छिद्रं पाडणारं प्रतिजैविक) वापरा, म्हणजे पर्फोरेटेड पॅच. त्याच्या छिद्रांतून एकसंयुजी धनायन (सोडियम, पोटॅशियमसारखे) जातात, क्लोराइड नाही. अशीच छिद्रं पाडणारे निस्टॅटिन, अँफोटेरिसिन इथे कामाचे नाहीत, त्यांतून क्लोराइड जातं.

ग्रॅमिसिडिनचा डीएमएसओमधला (एक द्रावक) स्टॉक ताजा करा, सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी ढवळा), पिपेटमध्ये २०–५० मायक्रोग्रॅम/मिलि ठेवा. टोकात आधी ग्रॅमिसिडिनविना द्रावण भरा, नाहीतर सील (पिपेट आणि पटलाची घट्ट पकड) धरत नाही. मग २०–४० मिनिटं धीर धरा. सीझियमऐवजी पोटॅशियम क्लोराइडच घ्या: सीझियम छिद्रांतून आत जातं आणि केसीसी२ला पोटॅशियम लागतं. पिपेटमध्ये क्लोराइड मुद्दाम जास्त ठेवायचं. पॅच गुपचूप फुटला तर रिव्हर्सल झपकन शून्याकडे सरकतं, लगेच कळतं. ती पेशी टाकून द्या.

पफ आखूड ठेवा. लांबलेल्या पफमध्ये चॅनेलमधूनच इतकं क्लोराइड ये-जा करतं की रिव्हर्सल मोजता मोजता हलतं.

नर्न्स्ट: सिरीज रेझिस्टन्स (पिपेट आणि पेशीच्या आतल्या भागामधला रोध) विसरू नका, पर्फोरेटेडमध्ये तो मोठा असतो. ५० मेगाओहम आणि २०० पिकोअँपिअर म्हणजे १० मिलिव्होल्टची चूक. शिवाय हे रिव्हर्सल शुद्ध क्लोराइडचं नव्हे, बायकार्बोनेटही याच चॅनेलमधून जातं. त्याची पारगम्यता क्लोराइडच्या ०.२ पट, आत १६ आणि बाहेर २५ धरलं, तर वरचे −७८ घसरून −६९ होतात. एनकेसीसी१चा वाटा बघायचा तर १० मायक्रोमोलर ब्युमेटॅनाइड (एनकेसीसी१ रोखणारं औषध) द्या. त्याहून बरंच जास्त दिलंत तर केसीसी२लाही धक्का लागतो.