रिकॉलमध्ये अख्खं इंजिन बदललेली ९११ जीटी३ घ्यावी का?

सॅन_होजेचा_सुहास
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच विचारतोय. सेकंडहँड पोर्शे ९११ जीटी३ बघतोय, २०१४ ची, पांढरी, २८ हजार माइल. बघायला गेलो तर मालक (रिटायर्ड गृहस्थ, गॅरेजमध्ये गालिचा अंथरलेला, गाडीखाली थेंब नाही) स्वतःहूनच म्हणाले की याचं इंजिन ओरिजनल नाही, कंपनीने रिकॉलमध्ये (दोष निघाल्यावर गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्ती) नवीन घालून दिलंय. मी मान डोलावली, घरी येऊन शोधलं तर पहिलाच फोटो जळून कोळसा झालेल्या जीटी३ चा. तो बायकोने बघितला आणि तिच्यापुरता विषय संपला, आता घरात त्या गाडीचं नावच 'होळी' पडलंय.
मला एवढंच कळत नाहीये की नक्की तुटलं काय होतं, आणि इंजिन बदललेली गाडी म्हणजे अॅक्सिडेंटच्या गाडीसारखी डागी समजायची का? पुढे विकताना मार बसेल का?

नेकारकाठचा_नाना
सुहास, मी स्टुटगार्टजवळ एका सप्लायरकडे बोल्ट जॉइंट तपासायचंच काम करतो (पोर्शेत नाही, आधीच सांगतो) त्यामुळे हे प्रकरण आमच्याकडे तेव्हा जेवणाच्या टेबलावर रोज चघळलं जायचं.
झालं असं की २०१४ च्या सुरुवातीला युरोपात दोन गाड्या पेटल्या, एक स्वित्झर्लंडमध्ये एक इटलीत. फेब्रुवारीत कंपनीने मालकांना सरळ सांगितलं की गाडी चालवूच नका, आम्ही येऊन उचलून नेतो. मार्चमध्ये कारण जाहीर झालं, कनेक्टिंग रॉडचा (पिस्टनला फिरत्या क्रँकशी जोडणारा दांडा) बोल्टचा जोड सैल होत होता. सैल झालेल्या रॉडने क्रँककेस (क्रँकभोवतीचं इंजिनाचं कवच) फोडली, ऑइल बाहेर आलं आणि पेटलं. मग २०१४ मॉडेलच्या सगळ्याच्या सगळ्या ७८५ गाड्यांना नवीन इंजिनं, सुधारलेल्या बोल्टची.
आता लोक विचारतात बोल्ट सैल होते तर बोल्टच बदलायचे ना, इंजिन कशाला. अरे ते फ्लॅट सिक्स आहे, सहा सिलिंडर आडवे, तीन-तीन समोरासमोर. क्रँककेस मधोमध दोन भागांत, सुपारी फोडल्यासारखी उघडावी लागते तेव्हा कुठे रॉडपर्यंत हात पोचतो. खालून ऑइल पॅन काढला नि दोन बोल्ट आवळले असं तिथे होत नाही. प्रत्येक डीलरच्या वर्कशॉपमध्ये टायटॅनियमच्या रॉडवाली इंजिनं उघडून परत बसवत बसण्यापेक्षा फॅक्टरीतून बांधलेलं आख्खं इंजिन पाठवणं शहाणपणाचंच होतं.
आणि बोल्टवर काय येतं ते बघ. ९००० आरपीएम (मिनिटाला फेरे) म्हणजे सेकंदाला १५० फेरे, स्ट्रोक (पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्यापर्यंतची धाव) ७७.५ मिमी. पिस्टन वरच्या टोकाला जाऊन उलटा फिरतो त्या क्षणी त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीन हजार पटीहून जास्त ओढ असते. पिस्टन अर्धा किलोचा धरला तरी दोन टनांच्या घरात जातं, आणि ते सगळं त्या दोन बोल्टांनी धरायचं. आवळताना बोल्टमध्ये जो ताण भरतात तो या ओढीपेक्षा कमी पडला की जोड दर फेऱ्याला केसभर उघडतो मिटतो, आणि एकदा ते सुरू झालं की बोल्टचा कार्यक्रम ठरलेलाच.
त्यामुळे डाग बिग काही नाही. उलट २०१४ ची जीटी३ इंजिन न बदललेली कोणी दाखवली तर मी पळून जाईन.

दुबईचा_दिन्या
नानाने लिहिलंय त्यात भर. ऑइल पॅन खालून काढून काम होतं ते माझ्या गाडीत 😀 माझी बीएमडब्ल्यू एम३ आहे ई४६, ३.२ लिटर सरळ सहा सिलिंडर, रेडलाइन (आरपीएमची कमाल मर्यादा) ८०००. तिच्यातही भानगड रॉडच्या खालच्या टोकाचीच, पण बोल्ट नाही, बेअरिंग (रॉड आणि क्रँकच्या मधलं घासणारं अस्तर). २००३ पर्यंतच्या गाड्या कंपनीने बोलावून बेअरिंग बदलून दिली, वॉरंटी ६ वर्ष / १ लाख माइलपर्यंत वाढवली. ऑइलही १०डब्ल्यू-६०, मधासारखं जाड. या गाडीच्या आरपीएम काट्याभोवती केशरी दिवे असतात, थंड इंजिनला ते खालपर्यंत पेटलेले असतात आणि ऑइल तापेल तसे एकेक विझत वरती सरकतात, म्हणजे तेवढ्याच आरपीएमपर्यंत जायचं. मी आधीच्या मालकाला विचारलं हे दिवे कशाचे तर म्हणाला शोचे आहेत. तेव्हाच कळलं की बेअरिंगं आधी बघायची.

शंकासुर_७७
सगळे रिकॉलची आरती ओवाळताय म्हणून दुसरी बाजू. रिकॉलचं काम करणारा माणूसच असतो. २०१८ च्या शेवटी सुबारू बीआरझेड आणि तिची जुळी बहीण सायन एफआरएस यांचा व्हॉल्व्ह स्प्रिंगचा (सिलिंडरची झडप मिटवणारी स्प्रिंग) रिकॉल आला, २०१३ च्या आसपासच्या गाड्या. स्प्रिंग तुटू शकते आणि इंजिन चालता चालता बंद. बरोबर आहे, बदला. पण तेही बॉक्सर (आडव्या, समोरासमोर सिलिंडरचं), इंजिन खाली उतरवून उघडायचं, आणि परत बंद करताना सीलंट नळीतून पिळून लावायचं. नंतर कितीतरी मालकांची तक्रार की जास्तीचं सीलंट आत सुटून ऑइलच्या वाटा बुजल्या आणि धडधाकट इंजिन बसलं, अमेरिकेत कोर्टापर्यंत गेलं ते. म्हणजे रिकॉल झाला का एवढंच विचारून भागत नाही, कोणी केला कधी केला कागद दाखवा.
आणि जीएमचं (जनरल मोटर्स) बघा, २०२५ चा एप्रिल, ६.२ लिटर व्ही८, जगभरात ७ लाखांवर गाड्या, क्रँक आणि रॉडमध्ये दोष. तपासणीत पास झाली तर उपाय काय, तर जाड ऑइल आणि ऑइल फिलरचं नवीन झाकण. झाकण!! 🤦

पाना_१३
हाहा झाकण. आमच्याकडे मिस्त्री स्टिकर लावतात, हे झाकण लावतात.
सुहासभाऊ तिकडे अमेरिकेत एक बरं आहे, सरकारी साइटवर १७ आकडी व्हीआयएन (गाडीचा ओळख नंबर) टाकला की बाकी राहिलेला रिकॉल दिसतो. तो आधी टाका. आणि सेकंडहँड गाडी रिकॉल बाकी असताना विकायला तिकडे केंद्राची बंदी नाही, नव्या गाडीला आहे, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे भारतात २०२१ च्या एप्रिलपासून नियम आलेत, १० लाख ते १ कोटी दंड वगैरे, पण त्यात ७ वर्षांपर्यंतच्याच गाड्या. तुमची होळी त्यातून केव्हाच बाहेर.

सॅन_होजेचा_सुहास
@पाना_१३ टाकला, बाकी काही नाही असं दाखवतंय. @नाना थँक यू, बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली दोन टन वगैरे ठीक आहे पण मग आता निर्धास्त ना? मी हो म्हणणार होतो तेवढ्यात वाटलं परत विचारावं.

नेकारकाठचा_नाना
हो म्हणू नकोस अजून! मी वर मुद्दामच थांबलो होतो कारण तू बोल्टबद्दल विचारलं होतंस. बोल्ट हा त्या इंजिनाचा मिटलेला विषय आहे. न मिटलेला विषय डोक्यावर आहे, फिंगर फॉलोअर. कॅम (व्हॉल्व्ह दाबणारा फिरता दांडा) आणि व्हॉल्व्हच्या मध्ये बसणारं बोटाएवढं चिमुकलं, त्याची घासणारी बाजू झिजते आणि सोबत कॅमही खाते. आधी मिसफायर (एखादा सिलिंडर नीट न पेटणं), चेक इंजिन लाइट, थोडी ताकद कमी. रिकॉलमध्ये घातलेल्या इंजिनांनाही हे झालं, कारण रिकॉल रॉडचा होता. पुढच्या ४ लिटरच्या जीटी३ ला त्यांनी हायड्रॉलिक अॅडजस्टर (ऑइलच्या दाबाने फट आपोआप जुळवणारे) काढून शिमवाली (मोजून घातलेल्या चकतीची) साधी घट्ट रचना दिली, काय ते समज.
यासाठी रिकॉल नाही आला, गाडी पेटत नाही ना त्याने. कंपनीने इंजिनाची वॉरंटी वाढवली, १० वर्ष / १ लाख २० हजार माइल, पण मोजायची गाडी पहिल्यांदा विकली त्या तारखेपासून. २०१४ ची गाडी... कर हिशोब.
म्हणून मालकाला दोनच गोष्टी विचार. रिकॉलनंतर इंजिन परत कधी बदललं का, आणि आता आहे त्याचा नंबर. नंतरच्या बदलीत सुधारलेलं इंजिन मिळालेलं असेल (तिकडचे लोक त्याला जी इंजिन म्हणतात) तर भाव थोडा जास्त देऊन घे. २०१४ चंच रिकॉलवालं असेल तर गाडी वाईट नाही, पण इंजिनाची जबाबदारी तुझी, तेवढे पैसे भावातून काप किंवा बाजूला ठेव. २८ हजार माइलवर न झिजलेली पण पाहिलीत लोकांनी, तपासणीत थंड स्टार्ट (पूर्ण गार इंजिन सुरू करतानाचा आवाज) नीट ऐकायला सांग, आधी गरम करून ठेवलेली गाडी नको.

सॅन_होजेचा_सुहास
मेसेज केला मालकांना. सर्व्हिसची फाइल शोधून शनिवारी या म्हणाले, आणि मी न विचारताच, "सकाळी ८ ला या, तोपर्यंत मी गाडीला हात लावणार नाही."

शंकासुर_७७
म्हातारा कामाचा आहे. भावात जास्त घासू नकोस.