समुद्रातील कयाकिंग : परतीचा प्रवास एवढा जड का गेला?

निळाई

आम्ही पाच मित्रमैत्रिणी गेली दोन वर्षे तळ्यात आणि नदीच्या संथ पात्रात कयाक वल्हवत आहोत. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच किनाऱ्याच्या कडेकडेने समुद्रात दिवसभराची फेरी केली. सकाळी पाणी अगदी शांत होते, पाठीवर हलका वारा होता आणि आठ किलोमीटरवरच्या एका लहानशा पुळणीवर आम्ही सव्वा तासातच पोहोचलो. तिथे इतके रमलो की दुपारी दोनपर्यंत जागचे हललो नाही. परतताना वारा आणि लाटा दोन्ही तोंडावर आल्या आणि त्याच आठ किलोमीटरना साडेतीन तास लागले. एक मैत्रीण हळूहळू मागे पडली, आणि आम्ही एका भूशिराला वळसा घातल्यावर जवळजवळ दहा मिनिटे ती कोणालाच दिसत नव्हती. ती सुखरूप आली, पण किनाऱ्याला लागल्यावर तिची बोटे वल्ह्यावरून सुटेनात. ती एकेक करून मी सोडवली, तेव्हा दोन्ही तळहातांची कातडी सोललेली दिसली. ते हात अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

आम्हाला पुन्हा जायचे आहे, तिलाही जायचे आहे. दिवसाची आखणी कशी करावी, आणि वाटेत कोणी उलटलेच तर नेमके काय करावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

भरतीरेषा

तुमच्या मैत्रिणीची ताकद कमी पडली असे मला वाटत नाही. तुमचे वेळापत्रक चुकले. साधारण वल्हेकरी शांत पाण्यात ताशी पाच किलोमीटर जातो असे धरा. प्रवाह ताशी तीन किलोमीटरचा असेल, तर त्याच्यासोबत तुम्ही ताशी आठ किलोमीटरने जाता आणि त्याच्याविरुद्ध ताशी दोनने, म्हणजे जे अंतर जाताना एका तासात कापले त्याला परतताना चार तास लागतील. जाताना हा प्रवाह जाणवतही नाही, आपण आज छान वल्हवतो आहोत एवढेच वाटते. म्हणून फार लवकर पोहोचलात तर आनंद मानण्याआधी कारण शोधा.

भरती-ओहोटीचे तक्ते आदल्या दिवशी पाहा. दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे आजची वेळ उद्या साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पाणी चढण्याचा किंवा उतरण्याचा वेग सहा तासांत सारखा नसतो: पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक, असा ढोबळ हिशोब आहे. मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी हलते आणि प्रवाहही सहसा तेव्हाच जोरात असतो. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत मोठा; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे तो सर्वांत लहान. नवख्या गटाने भांगाचे दिवस निवडावेत. मात्र प्रवाहाची दिशा पूर्ण भरतीच्या क्षणीच बदलते असे नाही. काही किनाऱ्यांवर ती तास-दोन तास आधी किंवा नंतर बदलते, म्हणून स्थानिक कोळ्यांना विचारल्याशिवाय तक्त्यावर विसंबू नका.

वाऱ्याचे गणित वेगळे आहे. जमीन तापली की दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून दोन वाजता निघणे ही दिवसातील सर्वांत महाग चूक ठरली. प्रवाह एका दिशेने आणि वारा उलट्या दिशेने असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात, भूशिरापाशी तर अधिकच, कारण तिथे प्रवाहही वेग घेतो. शक्य असेल तेव्हा जाताना वारा तोंडावर घ्या आणि परतताना पाठीवर. दूरवर पांढऱ्या फेसाचे ठिपके सर्वत्र दिसू लागले, तर तुमच्या गटाने त्या दिवशी पुढे जाऊ नये.

खंड्या

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याबद्दल एक भर घालतो. त्या वाऱ्यात किनाऱ्यालगतचे पाणी गुळगुळीत दिसते, कारण लाट उठायला पुरेसे अंतरच मिळालेले नसते. त्या शांततेला भुलून आत गेलेली कयाक वारा आणखी आत नेत राहतो. अशा दिवशी किनारा सोडूच नये.

आता उलटण्याबद्दल. पाण्यात पडलेल्याने आपली कयाक आणि वल्हे सोडायचे नाही, कारण रिकामी कयाक वाऱ्याने माणसाच्या पोहण्यापेक्षा वेगाने वाहून जाते. मदतीला आलेल्याने उलटलेल्या कयाकचे पुढचे टोक आपल्या मांडीसमोर आडवे ओढून घ्यावे. पडलेल्याने त्याच वेळी मागचे टोक खाली दाबले तर पुढचे सहज उचलले जाते आणि बैठकीतले बरेचसे पाणी ओतले जाते. मग ती सुलटी करून, दोन्ही कयाक विरुद्ध तोंडांनी एकमेकींना चिकटवून, मदतनीसाने तिच्यावर अंगाचा भार टाकून ती घट्ट धरावी. पडलेल्याने बैठकीमागे पालथे चढावे, पाय आत सरकवावेत आणि मदतनीसाच्या कयाककडेच तोंड ठेवून हळूहळू वळून बसावे. सरावाने हे दोन-तीन मिनिटांत जमते. सराव नसेल तर पंधरा मिनिटांतही जमत नाही आणि तोवर माणूस गारठतो. हे तुमच्या तळ्यात प्रत्येकाने दोन्ही भूमिकांत किमान दहा वेळा करावे.

स्प्रे स्कर्ट (पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती घालून बैठकीच्या तोंडावर ताणून बसवायचे आवरण) वापरत असाल तर ते ओढून काढायची पुढची ओढदोरी बाहेर आहे ना, हे निघण्यापूर्वी शेजाऱ्याने हात लावून पाहावे. माझी एकदा आत अडकली होती आणि उलटल्यावर पाण्याखाली ती चाचपडत घालवलेले काही क्षण मी विसरलेलो नाही.

निळाई

दोघांचे मनापासून आभार. तक्ता आज काढून पाहिला. आम्ही परतायला निघालो तेव्हा भरतीचा नेमका तिसरा तास सुरू झाला होता. एक शंका उरते. मैत्रीण म्हणते की सगळ्यांत शेवटी राहिले की ती मोकळेपणाने वल्हवते, पुढे ठेवले तर दडपण येते. मग तिला कुठे ठेवावे?

भरतीरेषा

तिला पुढून दुसरी ठेवा. पहिला माणूस तिच्या वेगाने जाईल, आणि सर्वांत दमदार वल्हेकरी ओढदोर (दमलेल्याची कयाक ओढून नेण्याचा दोर) कमरेला बांधून शेवटी राहील. त्याच्या मागे कोणीही नसावे. कोणत्याही भूशिराला वळसा घालण्याआधी सर्वांनी थांबून एकत्र व्हावे. तिच्या तळहातांबद्दलही सांगतो: तिने वल्हे फार घट्ट धरले असणार. ढकलणाऱ्या हाताची बोटे प्रत्येक फटक्याला किंचित उघडी ठेवायला आणि दंडाऐवजी कमरेतून वळायला तिला तळ्यातच शिकवा.