पूल झाला की पोरं परत येतील म्हणे!

खारवारा: बेटावरच्यांनी येत्या वर्षाची भाकितं लिहून काढलीत. पहिलंच भाकीत: "पुलाला मंजुरी मिळेल आणि गेलेली पोरं परत येतील." वाचून टाळकंच सटकलं, म्हणून हे लांबण. अहो, पुलावरून जातासुद्धा येतं! स्कॉटलंडच्या स्काय बेटाचा पूल १९९५ला सुरू झाला, तिथली फेरी बंद पडली आणि मग लोक २००४पर्यंत टोलविरुद्ध भांडत बसले. माझं भाकीत ऐका: एक समिती, एक सर्वेक्षण, डिसेंबरात पुन्हा हीच यादी. दरम्यान शाळेचा पट आणखी खाली. यादीत शाळेचा 'श' नाही, ते कुणाला दिसलं का?

दुसराधक्का: तुमच्या घरात म्हातारं माणूस नसावं. वडिलांच्या छातीत कळ आली त्या रात्री समुद्र खवळलेला, बोट रद्द, ढगांमुळे हेलिकॉप्टरही नाही. सकाळपर्यंत त्यांचा हात धरून बसलो. वाचले, पण ते नशीब. धक्क्यावरच्या फळ्यावर 'रद्द' लिहून-पुसून तेवढाच तुकडा पांढरा पडलाय. टोल काय घेऊन बसलात!

खारवारा: वडिलांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण रात्री अडीचला पूल नाही, डॉक्टर लागतो. तो का टिकत नाही? राहायला घर नाही म्हणून. बरीचशी घरं सुट्टीवाल्यांची, सप्टेंबर संपला की कुलूप.

भरतीओहोटी: पूल सोडा, आधी बोट वेळेवर आणा. स्कॉटलंडमध्ये ग्लेन सॅनॉक्स ही फेरीबोट २०१८ला मिळायची होती, प्रवासी घेऊन निघाली जानेवारी २०२५मध्ये. आमची नवी बोट 'येत्या वर्षी' येणार असं लिहिणाऱ्याला साष्टांग नमस्कार.

ओलंसरपण: स्कॉटलंडमधल्याच एग बेटावरच्यांनी भाकितं केली नाहीत. १९९७ला बेटच विकत घेतलं, २००८ला पाणी-वारा-ऊन यांवर स्वतःची वीज उभी केली. घरामागे पाच किलोवॅटची मर्यादा, ती सगळे पाळतात. आपल्याकडे जनरेटरच्या डिझेलवरून बैठक उधळते.

दुसराधक्का: ते बेट विकायला निघालं होतं. आपलं कोण विकतंय? उगाच उदाहरणं फेकू नका.

चावीवाला: मी तो 'सुट्टीवाला'. मी घेतलं तेव्हा छप्पर आत आलं होतं आणि खाटेवर शेळ्या बसायच्या. तेव्हा एकही भूमिपुत्र फिरकला नाही. पदरचे पैसे घालून उभं केलं, आता मीच खलनायक! शिवाय ते विकलं कुणी? तुमच्याच काकांनी, चढ्या भावात.

खारवारा: काकांना मध्ये आणायचं कारण नाही.

चावीवाला: का? 'पोरं परत येतील' या यादीवर त्यांचीही सही आहे.

ओलंसरपण: खी खी. हा धागा आता घरांचाच झाला.

भरतीओहोटी: माणसं परततातही हो. दक्षिण अटलांटिकमधलं ट्रिस्टन द कुन्हा बेट १९६१ला ज्वालामुखीमुळे रिकामं केलं. लोकांना इंग्लंडात नेलं, तर बहुतेकांनी परतायच्या बाजूनं मत दिलं आणि १९६३ला गेलेसुद्धा. पूल कुठे होता तिथे?

दुसराधक्का: त्यांना लाव्ह्यानं हाकललं होतं, आपली पोरं भाड्याला खोली मिळेना म्हणून गेली. माझीच मुलगी तिकडे तीन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहते, पण म्हणते इथे तीही नाही.

खारवारा: म्हणजे पुलाचं नव्हे, खोलीचं दुखणं. हेच तर पहिल्यापासून सांगतोय.

दुसराधक्का: पहिल्यापासून तुम्ही टोल सांगत होतात, डॉक्टर मागून आला. असो. तुम्ही थोर. पण पूल पाहिजेच, ते मी सोडत नाही.

ओलंसरपण: शाळेला नवी बाई मिळाली आहे, घर नाही म्हणून ती अडून बसलीय. चावीवाले, हिवाळ्यात तुमचं रिकामंच ना?

चावीवाला: ऑक्टोबर ते मार्च देईन. भाडं वाजवी. भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत आणि कुत्रा चालणार नाही.

खारवारा: बाईंकडे दोन आहेत.

चावीवाला: लहान की मोठे?