कढी उकळली की दह्याचा गुण जातो का?

मांडवीची सून: बडोद्यात आमच्याकडे रोज रात्री खिचडी-कढी. अँटिबायोटिक झाल्यापासून सासूबाईंचं पोट साफ होत नाही. औषधवाले म्हणतात, पोस्टबायोटिक कॅप्सूल घ्या, त्यात मारलेले जीवाणू असतात. मग उकळलेल्या कढीतही तेच ना?

रावपुऱ्याची माई: अगं, कढीत मरतात खरे, पण कुठले, किती, कोण मोजतं? २०२१ साली तज्ज्ञांनी ठरवलेल्या पोस्टबायोटिकच्या व्याख्येनुसार नुसते मृत जीवाणू पुरत नाहीत, फायदाही दिसावा लागतो. कढी जेवण म्हणून उत्तम. औषध म्हणू नकोस. माझा सगळा भर चोथ्यावर, म्हणजे अन्नातल्या न पचणाऱ्या तंतुमय भागावर. मोठ्या आतड्यातले जीवाणू तो आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात, तिथल्या पेशींचं तेच मुख्य इंधन. खिचडीत सालीची मूगडाळ घाल, सोबत गवार किंवा मेथी. हळूहळू वाढव, एकदम नको, गॅस धरतो. पाणीही भरपूर दे.

तात्या: दुपारी ताजं ताक द्या, त्यात जीवाणू जिवंत असतात. त्रास लांबला किंवा शौचात रक्त दिसलं तर डॉक्टरांना दाखवाच.

मांडवीची सून: माई, सालीची डाळ आजच आणते. आमच्या कढीत गूळ बराच असतो, तो कमी करू का?

रावपुऱ्याची माई: कर. त्यांना साखरेचा त्रास असेल तर नक्कीच.